लग्नात पिस्तूल निघालं तर काय करायचं

मागच्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या केजकडं एका लग्नात परण्या (नवरदेवाची वरात) मंडपाच्या दारात आला अन नवरदेवाच्या चुलतभावानं कमरेचं पिस्तूल काढून दोन बार काढले. डीजेच्या आवाजात निम्म्यांना कळलंच नाही, कळलं ते जेवायला बसल्यावर, मंडपाच्या कापडाला बोटभर भोक अन त्यातून उन्हाचा कवडसा थेट एका लेकराच्या ताटात. मंडपवाल्यानं कापडाचे पैसे घेतले, विषय संपला. तक्रार कोणी केली नाही, मी पण नाही. भावकी पडली ना राव.

लायसनचं आहे म्हणून चालतंय असं लई जणांना वाटतं. नाही चालत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, कलम २५(९), लग्नात, देवळात, मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळी झाडून कोणाच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. गावठी कट्टा असंल तर नुसता जवळ ठेवणं पण गुन्हाच.

खरं काम लग्नाच्या आधीचं आहे. सुपारी फुटतानाच, म्हणजे लग्न ठरतानाच, नवरदेवाच्या मामाला किंवा ज्याचा शब्द चालतो त्याला बाजूला घेऊन सांगा, अन डीजेवाल्याला पण सांगून ठेवा की हत्यार दिसलं की गाणं बंद. हे मी दोन लग्नात करून बघितलं. पिस्तूलवाल्याला गाणं अन समोर धरलेले मोबाईल पाहिजे असतात, दोन्ही थांबले की तो कसनुसा हसतो अन खिशात घालतो.

तरी बार निघालाच तर हिसकायला जाऊ नका, पिलेला असंल तर अजिबातच नाही. लेकरं आत न्या, ११२ लावा. पुंगळी (गोळीचं रिकामं कवच) उचलू नका, पडली तिथंच फोटो काढा. व्हिडिओ असंल तर स्टेटसला टाकायचा नाही, अन काढला त्याच मोबाईलमधून डिलीट पण करायचा नाही, पुढं तोच पुरावा.

ठाण्यात टाळाटाळ झाली तर तीच तक्रार लेखी करून एसपींना पोस्टानं पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) मध्ये तशी सोय आहे. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना, कारण लायसन त्यांच्याकडूनच मिळतं अन शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली निलंबित किंवा रद्दही तेच करतात (संभाजीनगर शहरात असाल तर पोलीस आयुक्त). अर्जानं काय होतंय म्हणू नका, डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाल्यावर बीडमधल्या बंदूक लायसनांवर एवढी ओरड झाली की प्रशासनाला यादी काढून बसावं लागलं अन बरेच परवाने रद्द झाले.

राहिली भीती नाव पुढं येण्याची. एकट्यानं सही केली की उद्या बांधावर भांडण ठरलेलं. मग ग्रामसभेत ठराव घ्या, १ मे किंवा १५ ऑगस्टची सभा असतेच, 'गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात हत्यार आणायचं नाही, आणलं तर ग्रामपंचायत तक्रार करील' एवढं दोन ओळीत. ठरावानं लायसन जात नाही, पण कागदावर गावाचं नाव येतं, तुमचं एकट्याचं नाही. बचत गटाच्या बायकांना आधी सांगा, त्या सभेला आल्या की ठराव हाणून पाडणारे जरा गप बसतात. अन नक्कल ग्रामसेवकाकडून शिक्क्यासहित घ्या, आम्ही शिक्का विसरलो अन परत एक चक्कर झाली.