कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये डिस्पॅचरची नोकरी शोधताय?

पनवेलला राहत असताना कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर ट्रकच्या रांगा रोज दिसायच्या, पण त्या गाड्यांना कुठे, कधी जायचं हे ठरवतं कोण, असा प्रश्न कधी पडला नव्हता. कॅनडात आल्यावर दोन वर्षांत मी स्वतः तेच काम करायला लागले आणि आजही करते. ‘ताई, डिस्पॅचरचं काम मिळेल का?’ असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. मिळेल. पण अर्ज करण्याआधी ड्रायव्हरच्या तासांचा हिशेब शिका. बाकी सगळं खुर्चीत बसल्यावर शिकता येतं, हे येत नाही.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मॅनेजरने एकच प्रश्न विचारला होता. ड्रायव्हर संध्याकाळी 6 ला ब्रॅम्प्टनच्या यार्डातून निघतोय, शिकागोत उद्या सकाळी 8 ची डिलिव्हरी आहे, जमेल का? मी भराभर हिशेब केला. साधारण 520 मैल, म्हणजे दहा तास गाडी चालवणं, बॉर्डरला तासभर, अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती. पहाटे साडेपाचला पोचेल, आणि शिकागोचं घड्याळ ब्रॅम्प्टनपेक्षा एक तास मागे, म्हणजे तिथे साडेचारच. ‘आरामात जमेल,’ मी म्हणाले.

‘आणि मग?’ त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेतला नियम असा आहे: सलग दहा तास सुट्टी घेतल्यावर ड्रायव्हर 11 तास गाडी चालवू शकतो, पण ते सगळं काम सुरू केल्यापासून 14 तासांच्या आत. हे 14 तास बॉर्डरच्या रांगेत थांबत नाहीत, जेवायला उतरलं तरी थांबत नाहीत. संध्याकाळी 6 ला सुरू झालेले 14 तास आपल्या सकाळी 8 ला, म्हणजे शिकागोच्या 7 ला संपतात. 8 ला गाडी डॉकला, म्हणजे माल उतरवायच्या धक्क्याला लावायची, तर त्याचे तास तासाभरापूर्वीच संपलेले. माल उतरतो, गोदामवाले म्हणतात गाडी काढ, आणि कायद्याने तो गाडी हलवू शकत नाही. बरोबर उत्तर होतं, त्याला रात्री साडेआठला काढायचं. 7 ला पोचतो, माल उतरवतो, साडेनवाच्या आत जवळच्या ट्रक स्टॉपला जाऊन झोपतो.

ती नोकरी मला मिळाली नाही. घरी येऊन आठवडाभर वहीत अशीच गणितं मांडत बसले. तुम्हीही मांडा. डेट्रॉईट, बफेलो, कोलंबस, हॅरिसबर्ग घ्या आणि प्रत्येक वेळी स्वतःला ‘आणि मग?’ विचारा. कॅनडाचे आकडे वेगळे आहेत: 13 तास गाडी चालवणं, 14 तास एकूण काम, आणि हे सगळं 16 तासांत. पण बॉर्डर ओलांडली की अमेरिकेचे नियम लागू होतात. पूर्वी कागदी लॉगबुकात थोडं इकडचं तिकडे करणारे होते. आता इंजिनाला जोडलेलं ईएलडी हे यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं, अमेरिकेत डिसेंबर 2017 पासून आणि कॅनडात 2023 पासून तपासणी कडक झाली आहे. एखादा मालक ‘त्याला सांग, थोडं दामटून ने’ म्हणाला, तर नाही म्हणायचं काम तुमचं आहे. गाडीत एक माणूस बसलाय आणि त्याची झोप तुमच्या हातात आहे.

काम शोधायचं तर टोरोंटोजवळचे ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, बोल्टन, मिल्टन. दिवसपाळीची खुर्ची नवख्याला सहसा मिळत नाही. रात्रपाळी किंवा शनिवार-रविवारचं ट्रॅकिंग मागा: गाडी कुठे आहे बघायचं, माल मिळवून देणाऱ्या ब्रोकरला कळवायचं, पीओडी, म्हणजे माल पोचल्याची सही केलेली पावती, मागवायची. तिथूनच बहुतेकजण वर चढले. हिंदी येते म्हणून अर्धं काम झालेलं असतं, कारण इथला ट्रकचा धंदा मोठ्या प्रमाणात पंजाबी लोकांनी उभा केलाय. ‘कित्थे पहुंचे, पाजी?’ एवढं जरी आपुलकीने विचारलंत तरी समोरचा मोकळा होतो. न्हावाशेवा बंदरात किंवा कस्टम क्लिअरिंग एजंटकडे काम केलं असेल तर बायोडेटात ते सगळ्यात वर लिहा. अमेरिकेला जाणाऱ्या गाडीचा ई-मॅनिफेस्ट, म्हणजे गाडी आणि मालाची ऑनलाइन माहिती, ती बॉर्डरला पोचण्याआधी किमान तासभर पाठवावी लागते, मालाचे कस्टमचे कागद कस्टम ब्रोकरकडून तयार झालेत का हे बघावं लागतं. हे ज्याला आधीपासून कळतं त्याची इथे किंमत आहे.

शेकडो डॉलर घेऊन ‘डिस्पॅचर सर्टिफिकेट’ देणाऱ्या क्लासेसपासून लांब राहा. या कामाला लायसन्स लागत नाही. आणि नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून उठा, ते बेकायदा आहे.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. डिस्पॅचरचा एनओसी कोड, म्हणजे कॅनडा सरकारच्या यादीतला या कामाचा नंबर, 14404 आहे. म्हणजे टीअर 4; टीअर ही कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी. कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) जी एक्स्प्रेस एंट्री आहे, तिच्यातल्या कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासला टीअर 0 ते 3 चाच अनुभव धरतात. दोन वर्षं राबून परमिटच्या शेवटच्या महिन्यात हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात. पीआरचा विचार असेल तर पहिल्या दिवसापासून दुसरी वाट बघून ठेवा. वरचा टीअर दाखवायला ‘सुपरवायझर’ म्हणून पत्र देतो, असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. प्रत्यक्ष काम काय केलंत ते तपासतात, आणि खोटं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. विद्यार्थी असाल तर शिकवणी चालू असताना आठवड्याला 24 तासांची मर्यादा आहे. रात्रपाळीत ती कधी ओलांडली जाते हे कळतही नाही, म्हणून स्वतः लिहून ठेवा.

पगार टी4 वर, म्हणजे पक्क्या कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकावर हवा, हे सुरुवातीलाच बोला. माझ्या पहिल्या कंपनीने मला कंत्राटदारासारखं इनव्हॉइस बनवायला लावलं, हातात जास्त येतात म्हणून मीही खूश होते. आजारी पडून काम सुटलं तेव्हा ईआय (बेरोजगारी विमा) नाही, सीपीपी (पेन्शन) भरलेला नाही, सुट्टीचे 4 टक्के नाहीत. दुसऱ्या प्रांतात किंवा अमेरिकेत गाड्या पाठवणारी कंपनी फेडरल कायद्याखाली येते, आणि कर्मचाऱ्याला कंत्राटदार म्हणून दाखवायला त्या कायद्यात बंदी आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर किती बरं झालं असतं.

आणि पहिल्या हिवाळ्यात रस्त्यांची स्थिती सांगणारं ऑन्टारियो 511 दिवसभर उघडं ठेवा. सू सेंट मरीच्या पुढे हायवे 17 बर्फाने बंद झाला, की गाडी लावायला जागा मिळणं कठीण असतं. पुढच्या वावा गावाला पोचून ड्रायव्हरने फोन करण्याआधी, तो सू सेंट मरीला असतानाच तुमचा फोन त्याला गेला पाहिजे.