चंद्रावर उल्का आदळते तेव्हाची चमक मुंबईतून कशी टिपावी

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उल्का वाटेत जळत नाही. ती थेट जमिनीवर आदळते आणि चमक उठते. बहुतेक चमका सेकंदाच्या दहाव्या भागातच विझतात. डोळ्यांनी पाहिलेली चमक सिद्ध करता येत नाही, म्हणून व्हिडिओच घ्यायचा.

शुद्ध चतुर्थी ते अष्टमीच्या संध्याकाळी बसा. चंद्राचा अंधारा भाग तेव्हा पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात राखाडी दिसतो, लक्ष त्याच भागावर. पावसाळा बाद. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम, कारण कोर पश्चिमेला उंच असते आणि समुद्रावरच्या धुरकटात उशिरा बुडते. डिसेंबरच्या जेमिनिड उल्कावर्षावासाठी २०२६ चांगलं आहे: अमावस्या ९ डिसेंबरला, वर्षाव १४ च्या सुमारास.

२०० मिमी आरसा आणि १,००० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण पुरते. तिच्यात चंद्राची प्रतिमा साधारण ९ मिमी पडते. दुर्बीण फिरवणारी मोटर चंद्राच्या गतीवर लावा. कॅमेरा कृष्णधवल, सेकंदाला ३० फ्रेम. उजळ कोर चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर तिची झळाळी पसरून सगळं धुवून निघतं. अॅरिस्टार्कस विवराचा पांढरा ठिपका आणि कडेजवळचे मंद तारे दिसेपर्यंत गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवा. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. २३ लाख पिक्सेलचा ८-बिट व्हिडिओ तासाला सुमारे २५० जीबी खातो. २×२ बिनिंग केलं, म्हणजे चार पिक्सेल जोडून एक केला, की चौथाई होतो. गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूमपासून आणि पाण्याच्या पंपापासून लांब बसा, दोन्हींचा थरकाप थेट चित्रात उतरतो.

खरी मेहनत पुढे आहे. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारा वेगवान कण, सेन्सरवर आपटला की एका फ्रेमपुरता टोकदार ठिपका उमटतो आणि हुबेहूब चमक वाटतो. त्यावर साधा उपाय: फोकस किंचित सैल ठेवा, तारा तीन-चार पिक्सेलवर पसरला पाहिजे. खरी चमक ताऱ्यासारखीच पसरते, किरणाचा ठिपका पसरत नाही. ग्रीसमधल्या क्रायोनेरी वेधशाळेची १.२ मीटर दुर्बीण एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी टिपते, तेही याच कामी येतं: किरण एकाच कॅमेऱ्यात उमटतो, चमक दोन्हींत.

उपग्रहाचा चकाकता ठिपका मात्र ताऱ्यासारखाच पसरतो. दोन-तीन फ्रेममध्ये सरकला तर ओळखू येतो, एकाच फ्रेममध्ये असेल तर नाही. तिथे दुसरा निरीक्षक लागतो, आणि शेजारच्या इमारतीतला उपयोगाचा नाही. एक बोरिवलीत, एक वांगणीला, म्हणजे अंतर सुमारे ५० किमी. ३६,००० किमी उंचीवरचा उपग्रहसुद्धा दोघांच्या चित्रांत चंद्राच्या व्यासाच्या सातव्या हिश्श्याइतका वेगळ्या जागी दिसेल. आघात मात्र दोघांनाही त्याच क्षणी, त्याच विवराशेजारी दिसेल.