कॉस्मेटिक्सचं फ्री सेल सर्टिफिकेट काढताय? या चुका टाळा

परदेशी खरेदीदाराचा निरोप बहुतेक वेळा एका ओळीचा असतो: एफएससी पाठवा. एफएससी म्हणजे फ्री सेल सर्टिफिकेट. हा माल आपल्याकडे कायदेशीर परवान्याखाली बनतो आणि खुलेपणाने विकला जातो, असं सरकारने लिहून दिलेला कागद. असतो एखाद-दोन पानांचाच, पण तो हाती पडेपर्यंत अनेकांच्या माल पाठवण्याच्या बुकिंगची तारीख उलटून जाते.

पहिली चूक दार चुकण्याची. निर्यात म्हटलं की लोक डीजीएफटीकडे, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडे धावतात, कारण आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड) तिथूनच मिळालेला असतो. डीजीएफटीही फ्री सेल सर्टिफिकेट देतं, पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 मध्ये येणाऱ्या मालाला नाही. क्रीम, शाम्पू, लिपस्टिक, अंगाचा साबण हे सगळं त्या कायद्यात येतं, म्हणून अर्ज राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात म्हणजे एफडीएकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे.

राज्य कोणतं? तर माल जिथे बनतो ते. तुमचं ऑफिस पुण्यात आणि माल बद्दीहून भरून येत असेल, तर अर्ज हिमाचलमध्ये जाणार आणि तो परवानाधारक उत्पादकच करणार. थर्ड पार्टीशी, म्हणजे तुमच्यासाठी माल बनवून देणाऱ्या उत्पादकाशी, करार करतानाच हे लिहून घ्या. नंतर फोन केला की ‘उद्या बघतो’ सुरू होतं. त्याचा माल विकून झालेला असतो, घाई तुम्हाला असते.

आता सगळ्यात जास्त फाइली जिथे अडतात ती गोष्ट: नाव. आमची एक फाइल एका शब्दापायी परत आली. परवान्याबरोबरच्या मंजूर यादीत ‘ॲलोव्हेरा जेल’, लेबलवर ‘ॲलोव्हेरा सूदिंग जेल’. ‘सूदिंग’ घातला होता डिझायनरने, ट्यूबवर जागा मोकळी दिसते म्हणून! नवं नाव यादीत चढवून घ्यायला वेगळा अर्ज करावा लागला, आणि दुबईचा ग्राहक रोज विचारत राहिला. तेव्हापासून आमच्याकडे अर्जाआधी दोघं बसतात. एक जण परवान्यावरचं नाव आणि पत्ता मोठ्याने वाचतो, दुसरा लेबल आणि इन्व्हॉइसवर बोट ठेवून बघतो. एमआयडीसीतल्या प्लॉट नंबरातली एक तिरपी रेघसुद्धा सोडायची नाही. परवान्यावर ‘एफ-17/2’ असेल आणि लेबलवर नुसतं ‘एफ-17’, तर शंका निघणारच.

लेबलवरच्या दाव्यांचंही तसंच. कायद्याच्या लेखी कॉस्मेटिक म्हणजे स्वच्छ करणारं, सुंदर दिसायला मदत करणारं. ‘केस मऊ करते’ चालतं. ‘केसगळती बरी करते’ लिहिलं की ते औषधाकडे झुकतं. उटणं, भृंगराज तेल वगैरे बनवणाऱ्यांनी आधी आपला परवाना काढून बघावा. तो आयुर्वेदिक औषधाचा असेल, तर कॉस्मेटिकच्या नमुन्यात केलेला अर्ज फुकट जातो.

काही खरेदीदार सीओपीपी मागतात. तो औषधांसाठीचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यातला दाखला. फेस वॉशला तो लागू नाही. अशा वेळी वाद न घालता त्यांच्या देशाचा नियम लेखी मागवा, बहुधा एफएससी आणि जीएमपी (चांगल्या उत्पादन पद्धतींच्या) सर्टिफिकेटवर भागतं. चीनच्या बाबतीत जीएमपीचा कागद खरंच महत्त्वाचा आहे. 2021 पासून तिथे आयात होणाऱ्या साध्या कॉस्मेटिक्सना प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट मिळू शकते, पण इतर अटींबरोबर उत्पादक देशाच्या सरकारी यंत्रणेचं जीएमपी सर्टिफिकेट लागतं. खाजगी संस्थेचं चकचकीत आयएसओ सर्टिफिकेट त्या जागी धरू नका. उलट युरोपीय संघात विकायचं तर एफएससीमागे लागण्यापेक्षा आधी तिथली जबाबदार व्यक्ती (मालाची कायदेशीर जबाबदारी घेणारी) नेमा आणि सुरक्षा अहवाल तयार करा.

परवाना चालू आहे का, हेही बघा. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार दर 5 वर्षांनी रिटेन्शन फी (परवाना चालू ठेवण्याची फी) भरली तरच तो टिकतो. पावती फाइलला लावा.

सर्टिफिकेट मिळालं की शेवटचा घोळ अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय देतं त्या प्रमाणीकरणाचा. भारत 2005 पासून अपोस्टिलसाठीच्या हेग कराराचा सदस्य आहे, पण समोरचा देशही सदस्य हवा. ओमानला अपोस्टिल चालतं, संयुक्त अरब अमिरातीला नाही. तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. व्यापारी कागदांवर त्याआधी चेंबर ऑफ कॉमर्सची सही लागते, ती राहिली तर एजंट कागद तसाच परत पाठवतो. तीन देशांत माल जाणार असेल तर अर्ज करतानाच तीन मूळ प्रती मागा. आणि नीट राहावं म्हणून कोणी मूळ प्रत लॅमिनेट करायला निघालं, तर ती त्याच्या हातातून काढून घ्या. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही.