भाजलेले बोट आणि आलेले तोंड: निगा कशी राखावी

भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला, की बेळगाव-खानापूरकडच्या कितीतरी घरांत पहिला हात टूथपेस्टकडे जातो. पेस्ट लावताच गार वाटते, पण त्वचा गार झालेली नसते. थंडीची वर्दी देणारी टीआरपीएम-८ ही आयन वाहिनी, म्हणजे पेशीच्या आवरणातले एक सूक्ष्म दार, पेस्टमधल्या पुदिन्याच्या मेन्थॉलने उघडते आणि मेंदूची फसगत होते. आतली उष्णता मात्र पेशी जाळत राहते. म्हणून पेस्ट, हळद किंवा तूप काहीही न लावता, अंगठी-बांगडी लगेच काढून, भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. नळाला पाणी नसेल, तर बादलीतले पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. बर्फ मुळीच लावू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसून इजा वाढू शकते.

त्यानंतर मात्र गारव्याचे काम संपते. जखम स्वच्छ, न चिकटणाऱ्या पट्टीने झाकून ओलसर आणि उबदार ठेवावी, आणि पट्टी सारखी उघडून पाहू नये.

ऊब का हवी, हे तोंडावरून चांगले समजते. टीआरपीव्ही-३ ही वाहिनी साधारण ३३ अंश सेल्सिअसच्या पुढे जागी होते. तोंडाच्या आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असल्याने तिथल्या अस्तरपेशींत तिला सतत चेतना मिळते. ही चेतना जखम भरायला मदत करते: ही वाहिनी नसलेल्या उंदरांच्या तोंडातील जखमा उशिरा भरल्याचे दिसले आहे. ओव्यातील थायमॉलही तिला चेतवते, पण म्हणून जखमेवर ओवा वाटून लावण्याचा अर्थ कोणी काढू नये.

तोंड आले असेल, तर संकेश्वरी मिरचीचा ठेचा काही दिवस बाजूला ठेवलेला बरा. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ ही चटक्याची वर्दी देणारी वाहिनी उघडते. एरवी ती सुमारे ४३ अंशांना उघडते, परंतु दाह आणि आम्लता यांमुळे तिचा उंबरठा खाली येतो, त्यामुळे कोमट चहासुद्धा झोंबतो. तिखट लागलेच, तर पाण्याने भागत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, दुधाचा किंवा दह्याचा घोट तोंडात घोळवावा. एरवी दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या कोमट पाण्याने हलक्या चुळा भराव्यात आणि चहा निववून प्यावा.

फोड तळहाताएवढा असेल, चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, किंवा इजा लहान मुलाला झाली असेल, तर पाण्यानंतर थेट दवाखाना गाठावा. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो दुखत नसला तरी दाखवावा; तंबाखूच्या पिकासाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणी भागात चुना-तंबाखूची सवय असलेल्यांनी तर पांढरा किंवा लाल चट्टा दिसताच जावे, कारण न दुखणाऱ्या चट्ट्याबद्दल या वाहिन्या काहीच कळवत नाहीत.