टोरांटोच्या हिवाळ्यासाठी रोजच्या वापराचे जॅकेट कसे निवडावे

पुण्या-नाशकाकडून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे जॅकेट कोणत्या कंपनीचे घ्यावे. आधी येऊन स्थिरावलेल्यांचे उत्तरही ठरलेले असते : उणे ३० अंशांना चालेल असे घ्या, पैशांकडे पाहू नका. हा सल्ला मानून लोक ध्रुवप्रदेशात मुक्कामाला निघाल्यासारखी जॅकेटे घेतात आणि सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या डब्यात घामाने भिजतात. कंपनीचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी चार-पाच गोष्टी क्रमाने ठरवाव्या लागतात आणि त्यांपैकी एकच खरोखर अवघड आहे.

आधी आपली थंडी ठरवा

टोरांटोचे जानेवारीतले सरासरी तापमान उणे ४ अंशांच्या आसपास असते. रात्री पारा उणे ७-८ पर्यंत उतरतो आणि मधूनच काही दिवस उणे १५ ते २० ची लाट येते. कॅनडातल्याच विनिपेग शहरात जानेवारीची सरासरीच उणे १६ च्या आसपास असते, त्यामुळे तिथल्या नातेवाइकाचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. शिवाय टोरांटोचा खरा त्रास शून्याच्या आजूबाजूला होतो, कारण तेव्हा बर्फ आणि पाऊस यांच्या मधले काहीतरी पडत असते आणि ते कपड्यांवर टिकत नाही, आत मुरते.

यात वारा मिळवावा. हवेचे तापमान उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला थंडी उणे २० इतकी जाणवते. हवामानाच्या अंदाजात हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात आणि नवखी मंडळी त्यांतला मोठा आकडा पाहून घाबरून खरेदी करतात. वारा अडवणारे कापड आणि जॅकेटलाच जोडलेली खोल टोपी असली की या दोन आकड्यांमधला बराचसा फरक तिथेच मिटतो. दुकानात जॅकेटचे कापड तोंडाला घट्ट लावून जोरात फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. हाताला हवा लागली, तर ते जॅकेट परत टांगून ठेवावे.

रोजचा वापर म्हणजे दहा मिनिटे चालणे, पंधरा मिनिटे बसची वाट पाहत उभे राहणे आणि नंतर गरम केलेल्या डब्यात किंवा कार्यालयात शिरणे. म्हणून आत एक स्वेटर घालून उणे १५ ला स्वस्थ उभे राहता येईल, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. मोजक्या कडाक्याच्या दिवशी आत आणखी एक थर चढवता येतो; मात्र जास्तीची ऊब अंगावरून कमी करायला दुसरा उपाय नसतो आणि आत साचलेला घाम बाहेर पडताच अंग गारठवतो.

खरेदी इथे येऊनच करा

भारतातून थर्मलचे दोन जोड आणि एक चांगला लोकरीचा स्वेटर आणावा. मुख्य जॅकेट टोरांटोत घ्यावे. जानेवारीतच उतरणार असाल, तर विमानतळ ते घर एवढ्या प्रवासाला कोणतेही साधे भरीव जॅकेट पुरते.

आतले भरण

जवळजवळ सगळे इथे फसतात. मलाही हे गणित उमजायला बराच काळ लागला, कारण दुकानात जी माहिती ठळक छापलेली असते ती अर्धी असते आणि उरलेली अर्धी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

जॅकेट स्वतः उष्णता निर्माण करत नाही. भरणात अडकलेली हवा शरीराची उष्णता धरून ठेवते. भरण दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार डाऊन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या मोठ्या पिसांखाली असणारी, दांडी नसलेली मऊ लव. दुसरा प्रकार पॉलिएस्टरच्या तंतूंचा, ज्याला सरसकट सिंथेटिक म्हणतात. वजनाच्या मानाने डाऊन जास्त ऊब देते आणि नीट सांभाळल्यास कितीतरी वर्षे टिकते. पण ते भिजले की त्याचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ संपते. सिंथेटिक जड असते आणि काही वर्षांच्या धुण्यानंतर दबते, पण ओलसर झाले तरी बरीचशी ऊब राखते, लवकर वाळते आणि स्वस्त असते. माझे मत स्पष्ट आहे. बाहेरचे कापड जलरोधक असेल तर डाऊन घ्यावे. तसे नसेल, किंवा तसे डाऊन खिशाला परवडत नसेल, तर सिंथेटिकच घ्यावे. इथल्या पाणचट बर्फात साध्या कापडातले डाऊन ही उधळपट्टी आहे.

पक्ष्यांची पिसे अंगावर नकोत असे वाटणाऱ्यांनी मनात चलबिचल न ठेवता सिंथेटिक घ्यावे. आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) हे २०१४ पासून दिले जाणारे प्रमाणपत्र जिवंत पक्ष्यांची पिसे उपटण्याला आणि त्यांना बळजबरीने खाऊ घालण्याला मनाई करते. परंतु ते डाऊन मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांचेच असते, हे ठाऊक असावे.

आता त्या ठळक आकड्याकडे वळू. डाऊनच्या जॅकेटवर ५५०, ६५० किंवा ८०० असा एक आकडा असतो आणि त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन नळकांड्यात ठेवून, त्यावर ठरावीक वजन दिल्यावर ते किती घनइंच जागा व्यापते, याचे हे माप आहे. यावरून डाऊनचा दर्जा कळतो, पण जॅकेटमध्ये ते किती घातले आहे हे मुळीच कळत नाही. गादीवाल्याने कापूस किती छान पिंजला आहे हे सांगावे आणि गादीत किती किलो भरला ते सांगू नये, तसला हा प्रकार आहे. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने मला अतिशय आत्मविश्वासाने सांगितले होते की ८०० चे जॅकेट ५५० च्या जॅकेटपेक्षा गरम असणारच. हे चूक आहे.

हिशेब करून पाहावा. एका जॅकेटमध्ये ८०० चे १०० ग्रॅम डाऊन आहे, म्हणजे साधारण साडेतीन औंस. त्याचा फुगीरपणा झाला सुमारे २,८०० घनइंच. दुसऱ्यात ५५० चे २५० ग्रॅम आहे, म्हणजे पावणेनऊ औंसांच्या थोडे वर, आणि त्याचा फुगीरपणा ४,८०० च्या पुढे जातो. आकार आणि लांबी सारखी असेल, तर दुसरे जॅकेट स्पष्टपणे जास्त गरम आहे आणि बहुधा स्वस्तही आहे. पहिल्याचा फायदा इतकाच की ते हलके आहे आणि दाबून लहानशा पिशवीत बसते. डोंगर चढणाऱ्याला त्याचे मोल आहे, फिंच अव्हेन्यूवर बसची वाट पाहणाऱ्याला फारसे नाही.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच : मधल्या मापाच्या जॅकेटमध्ये डाऊन किती ग्रॅम आहे? बऱ्याच कंपन्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक तपशिलात हा आकडा देतात. जिथे तो नसेल तिथे ग्राहकसेवेला लिहून विचारावे. माझा ढोबळ ठोकताळा असा आहे की मांडीपर्यंतच्या लांबीच्या जॅकेटमध्ये ६५० च्या आसपासचे डाऊन १८० ते २५० ग्रॅम असेल, तर टोरांटोच्या रोजच्या थंडीला ते पुरते. शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, तर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरचे जॅकेट समजावे. सिंथेटिकच्या बाबतीत भरणाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम ते लिहिलेले असते. तिथे अंगात २०० आणि बाह्यांत १५० च्या आसपास मिळाले तर घ्यावे.

आकडा मिळालाच नाही, तर हाताने तपासावे. दुकानातल्या दांडीवर जॅकेटे चेंगरून लटकवलेली असतात, त्यामुळे आधी ते काढून टेबलावर पसरावे, झटकावे आणि पाच मिनिटे फुगू द्यावे. मग छातीवर मुळीच हात न लावता खांदा, दंडाचा वरचा भाग आणि टोपी चिमटीत धरून पाहावी. छाती सगळेच गुबगुबीत करतात, कारण गिऱ्हाईक तिथेच हात लावते. खांद्यावर चिमटीत दोन्ही बाजूंचे कापड एकमेकांना टेकत असेल, तर थंडी तिथूनच शिरणार. मोठ्या पिसांच्या दांड्या बोटांना टोचत असतील, तर डाऊन कमी आणि पिसे जास्त आहेत. आतल्या चिठ्ठीवर ९०/१० किंवा ८०/२० असे जे प्रमाण छापलेले असते, त्यात पहिला आकडा डाऊनचा असतो.

शिवणही पाहावी. बाहेरच्या कापडावरची टाक्यांची ओळ आतल्या अस्तरावर नेमक्या त्याच जागी उमटलेली असेल, तर शिवण आरपार आहे आणि त्या रेषेवर भरण जवळजवळ शून्य आहे. असे जॅकेट दुसऱ्या कपड्याच्या आत घालायला उत्तम. कडाक्याच्या थंडीत एकट्याने घालायला अपुरे. मुख्य जॅकेटमध्ये कप्प्यांच्या मध्ये कापडाच्या उभ्या भिंती असाव्यात, किंवा भरणाच्या थरावर बाहेरून वेगळे सलग कापड असावे.

राहता राहिला चिठ्ठीवर छापलेला ‘उणे अमुक अंशांपर्यंत’ हा दावा. झोपण्याच्या पिशव्यांसाठी (स्लीपिंग बॅगांसाठी) आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नेहमीच्या जॅकेटांसाठी सर्व कंपन्यांना बंधनकारक असे एकच मानक नाही. कोणी झपझप चालणारा माणूस गृहीत धरतो, कोणी थोडा वेळ उभा राहणारा. एकाच कंपनीच्या दोन जॅकेटांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे, पण दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

माप आणि लांबी

जाड स्वेटर घालूनच दुकानात जावे. जॅकेट चढवून दोन्ही हात वर करावेत, नंतर खुर्चीवर बसावे. हात वर केल्यावर कंबर उघडी पडत असेल किंवा बसल्यावर चेन पोटावर ताणली जात असेल, तर एक माप वाढवावे. घट्ट जॅकेट भरण आतून दाबते आणि विकत घेतलेली ऊब तिथेच वाया जाते. फार ढगळ घेतल्यास प्रत्येक हालचालीबरोबर खालून थंड हवा शिरते. लांबी निदान अर्ध्या मांडीपर्यंत असावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साडी नेसून जाणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे घ्यावे आणि त्याची चेन खालूनही उघडणारी आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर गाडीत बसताना निऱ्यांची वाट लागते.

उरलेल्या बारीकसारीक गोष्टी

टोपीला आवळायची दोरी हवी आणि मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. बाहीच्या आत मनगटाला विणलेली पट्टी हवी. चेनच्या मागे वारा अडवणारी पट्टी हवी आणि हातमोजे घालून चेन लावता आली पाहिजे. आत एक खिसा हवा, कारण बाहेरच्या खिशात गारठलेला फोन अचानक बंद पडतो. डिसेंबरात पाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून काळ्याचा हट्ट सोडावा किंवा पाठीवर चमकणारी पट्टी पाहावी.

केव्हा आणि कितीला

२६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेपासून फेब्रुवारीपर्यंत किमती उतरतात. थंडी पडण्याआधी आलात, तर पहिल्या हिवाळ्यासाठी जुन्या कपड्यांच्या दुकानातले चांगले जॅकेट घेऊन ठेवावे. त्यात डाऊनचे गोळे झालेले नाहीत, कुबट वास येत नाही आणि चेन दोन्ही टोकांपर्यंत सुरळीत चालते, एवढे पाहावे. चिठ्ठीवरच्या किमतीत १३ टक्के कर मिळवूनच हिशेब करावा. नवे घेतल्यास परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि ती संपेपर्यंत चिठ्ठी तोडू नये.

धुताना पुढून उघडणारे यंत्र, डाऊनसाठीचा वेगळा साबण आणि कमी उष्णतेवरचा ड्रायर वापरावा. ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकून सगळे गोळे सुटेपर्यंत, कंटाळा आला तरी, वाळवत राहावे. उन्हाळ्यात भारतात जाताना जागा वाचवण्यासाठी हवा काढून घट्ट करायच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते महिनोन्महिने कोंबून ठेवू नये. कपाटात खांद्यावर सैल टांगून ठेवावे.