हिमनदीचा जमाखर्च मांडायला शिकताना

हिमनदीचा अभ्यास सुरू करणारे बहुतेक जण आधी विचारतात, तिचं तोंड, म्हणजे खालचं टोक, किती मीटर मागे सरकलं? यंदाच्या हवामानाचं उत्तर त्या आकड्यात नसतं. तोंड उशिरा हलतं. मोठ्या हिमनदीत तर दशकंही जातात. वर्षाचा हिशेब मास बॅलन्समध्ये असतो: किती हिम जमलं, किती बर्फ वितळला.

शिकायला उत्तम जागा म्हणजे हिमाचलातलं चंद्रा नदीचं खोरं. तिथल्या सुमारे ९ किलोमीटर लांबीच्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून मोजणी चालू आहे. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं 'हिमांश' हे ठाणंही २०१६ पासून याच भागात, साडेतेरा हजार फुटांवर आहे. वर पोचल्यावर पहिले दोन दिवस उपकरणं उचलू नका, शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्या.

हिशेबाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. खालच्या भागात वाफेच्या ड्रिलने दहा मीटरपर्यंत भोक पाडून दोन-दोन मीटरचे बांबू एकाला एक जोडून आत सोडतात. गेल्या वर्षी काठी १.२ मीटर बाहेर होती आणि यंदा ४.२ मीटर आहे, म्हणजे ३ मीटर बर्फ गेला. बर्फाची घनता घनमीटरला ९०० किलो धरली तर तो वितळून २.७ मीटर खोल पाणी होतं. गणित सोपं आहे, वाचन नाही. उन्हाने काठीच्या बुडाशी खळगा पडतो. आजूबाजूच्या बर्फावर सपाट फळी टेकवून तिथून मोजा, खळग्याच्या तळापासून नको. काठी कलली असेल तर उभी उंची घ्या. आडवी पडलेली सापडली तर 'निदान एवढा बर्फ गेला' एवढंच लिहा. अंदाजाने भरलेला आकडा पुढच्या प्रत्येक वर्षाच्या बेरजेत राहतो.

वरच्या भागात हिमात खड्डा खणतात. गेल्या उन्हाळ्याचा पृष्ठभाग मळकट, टणक थरावरून ओळखतात. तो निसटला की दोन वर्षांचं हिम एकाच वर्षाच्या नावे पडतं. ५०० घनसेंटिमीटरच्या नळीतलं हिम २१० ग्रॅम भरलं तर घनता घनसेंटिमीटरला ०.४२ ग्रॅम, १.८ मीटर थर म्हणजे सुमारे ०.७६ मीटर पाणी.

आता हवामान. इथलं हिवाळ्यातलं हिम मुख्यतः पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळं, आणतात. पण वर्ष कसं जाईल हे बरंचसं उन्हाळ्यावर ठरतं, आणि नवख्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. वितळण्याची बहुतेक ऊर्जा थेट उन्हातून येते. ताजं हिम ८० टक्के किंवा त्याहून जास्त ऊन परतवतं, उघडा बर्फ जेमतेम २० ते ४० टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये चांगलं हिम पडलं तर कित्येक दिवस वितळणं मंदावतं. तेच पाऊस होऊन पडलं तर हे पांघरूण मिळत नाही. म्हणून नुसतं सरासरी तापमान पाहून कारण सांगू नका, हिम कधी पडलं ते आधी शोधा.

दगडगोट्यांचंही तसंच. धुळीचा पातळ थर वितळणं वाढवतो, वीतभर जाड थर बर्फाला झाकून ठेवतो. काठीजवळची जाडी दर वेळी नोंदवा.

शेवटी सगळ्या काठ्यांची सरळ सरासरी काढायची नाही. काठ्या खाली जास्त, वर कमी असतात, त्यामुळे तोटा फुगतो. ५०-५० मीटर उंचीचे पट्टे पाडा, प्रत्येकाच्या आकड्याला त्याच्या क्षेत्रफळाने गुणा, बेरजेला एकूण क्षेत्रफळाने भागा.