जीलिबसी बिल्ड करताना कर्नल हेडरच्या या चुका टाळा

वेंगुर्ल्याला जून लागला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मागच्या पावसात एका छोट्या 64 बिट आर्म बोर्डासाठी मी जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी, बिल्ड करत होतो. दोनदा अख्खी संध्याकाळ फुकट गेली आणि दोन्ही वेळा वीज होती. चुकले होते ते कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर: कर्नलशी कसं बोलायचं ते लायब्ररीला सांगणाऱ्या फाइली.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो. कर्नलचा सोर्स उघडायचा, त्यातलं 'इन्क्लूड/लिनक्स' फोल्डर उचलायचं आणि सिस्टिमच्या इन्क्लूडमध्ये टाकायचं, नाहीतर तिथे सिमलिंक (मूळ फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) करायची. हे अजिबात करू नका. आमच्याकडे काजूची बी भाजून, टरफल फोडून गर काढतात. कच्च्या टरफलातलं तेल लागलं तर हाताची सालं निघतात. सोर्समधले हेडर त्या कच्च्या बीसारखे, कर्नलच्या आतल्या वापराचे. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या 3.7 आवृत्तीपासून बाहेरच्या प्रोग्रामांसाठीचा भाग 'यूएपीआय' फोल्डरांत वेगळा ठेवलेला आहे. पण तोही थेट उचलायचा नाही. त्यात '__यूजर'सारख्या खुणा असतात, त्या इन्स्टॉल होताना गाळल्या जातात. 'लिनक्स/व्हर्जन.एच' तर सोर्समध्ये नसतेच, ती त्या वेळी तयार होते. कंपाइल करताना 'अटेम्प्ट टू यूज कर्नल हेडर्स फ्रॉम यूजर स्पेस' अशी वॉर्निंग आली, तर टरफलासकट बी आत गेली म्हणून समजा.

बरोबर रीत अशी: सोर्समध्ये आधी साफसफाईला 'मेक एमआरप्रॉपर', मग 'मेक हेडर्स_इन्स्टॉल', सोबत 'आर्च' (कोणत्या प्रोसेसरसाठी) आणि 'इन्स्टॉल_एचडीआर_पाथ' (हेडर कुठे ठेवायचे). कर्नल कॉन्फिगर करायची गरज नाही. मात्र एमआरप्रॉपर जुनी कॉन्फिग फाइल पुसतं, ती हवी असेल तर आधी बाजूला काढा.

माझी पहिली संध्याकाळ 'आर्च' न दिल्यामुळे गेली. तो दिला नाही तर ज्या मशीनवर बसला आहात तिचेच हेडर निघतात. माझ्या लॅपटॉपचे, एक्स86 चे निघाले. टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) ज्याला 'एआर्च64' म्हणते त्याला कर्नल 'आर्म64' म्हणतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी संध्याकाळ पत्त्यात गेली. 'इन्स्टॉल_एचडीआर_पाथ'ला 'यूएसआर'पर्यंतचाच पत्ता द्यायचा, पुढचं 'इन्क्लूड' मेक स्वतः जोडतं. मी ते लिहिलं आणि इन्क्लूडच्या पोटात इन्क्लूड झालं. जीलिबसीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला हेडर कुठे आहेत ते सांगणाऱ्या 'विथ-हेडर्स' या पर्यायाला मात्र इन्क्लूडसकट पूर्ण पत्ता लागतो. कॉन्फिगर 'मिसिंग ऑर टू ओल्ड' म्हणालं तेव्हा मी नवा कर्नल डाउनलोड करायला निघालो होतो. हेडर जुने नव्हते, सापडतच नव्हते.

सोर्स पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर उघडू नका. कर्नलच्या नेटफिल्टर या नेटवर्कच्या भागात 'एक्सटी_मार्क.एच' नावाच्या दोन फाइली आहेत: एकीत 'मार्क' मोठ्या इंग्रजी अक्षरांत, दुसरीत लहान. अक्षरांचा भेद न मानणाऱ्या फाइल सिस्टिमवर एक दुसरीला खाते आणि एररसुद्धा येईलच असं नाही. उघडताना वीज गेली असेल तर ते फोल्डर पूर्ण काढून पुन्हा उघडा.

डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स' हे पॅकेज कर्नल मॉड्यूल बनवायला असतं. इथे उपयोगाचं पॅकेज 'लिनक्स-लिबसी-डेव्ह'. आणि हेडर चालू कर्नलच्याच आवृत्तीचे हवेत, हा समज सोडा. नवे हेडर चालतात. लायब्ररी किती जुन्या कर्नलवर चालावी हे कॉन्फिगरचा 'इनेबल-कर्नल' हा पर्याय ठरवतो. तिथला आकडा बोर्डावरच्या कर्नलपेक्षा वर नेऊ नका.

आता मी कॉन्फिगरच्या आधी इन्स्टॉल झालेली 'लिनक्स/व्हर्जन.एच' उघडून बघतो. 6.1.0 चे हेडर असतील तर तिथे 393472 दिसतं: 6 गुणिले 65536, अधिक 1 गुणिले 256. हा आकडा जुळल्याशिवाय पुढची कमांड देत नाही.